एक सुताची पायरी

सिद्रामप्पाचा डावा गुडघा कामातून गेला तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

त्याआधी एकतीस वर्षं तो रेल्वेच्या पुलांच्या टोळीत सुतार होता. टोळी जिथं तंबू ठोकेल तिथं त्याचा मुक्काम. पादचारी पुलांच्या पायऱ्यांना लाकडी फळ्या बसवणं हे त्याचं मुख्य काम. फळी उन्हानं तडकली, पाण्यानं कुजली की उपटायची आणि नवी ठोकायची. एक पूल संपवून पुढच्या स्टेशनावर जावं, तर मागच्याची पहिली फळी पुन्हा ढिली झाल्याचा निरोप यायचा. १९७३ च्या जानेवारीत अशाच एका पुलावर, मधोमध, त्याचा गुडघा अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. चौघांनी त्याला उचलून खाली आणलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, उंचावरचं काम बंद, हलकं काम द्यावं.

हलकं काम म्हणजे मॉडेल रूम.

सोलापुरात शिकाऊ स्टेशन मास्तरांची एक शाळा होती. तिच्या मागच्या अंगाला पत्र्याचा लांबलचक हॉल, आणि त्या हॉलभर पसरलेलं एक टेबल. टेबलावर बोटभर रुंदीचे रूळ, काडेपेटीएवढी केबिन, करंगळीएवढे सिग्नल. विजेवर पळणारे पत्र्याचे डबे. शिकाऊ मास्तर टेबलाभोवती उभे राहून एकमेकांना गाड्या द्यायचे, घ्यायचे. स्टेशनांना नावं नव्हती, अ, ब, क, ड एवढंच. क आणि ड ही दोन स्टेशनं नव्यानं उंचावर घेतली होती, कारण त्यांच्या खालून दुसरी लाईन जात होती.

सिद्रामप्पानं पहिल्या दिवशी ते टेबल पाहिलं आणि त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. माणसांच्या पायाखाली लाकूड घालणारा माणूस, त्याला आता खेळण्यांवर बसवलं होतं.

मॉडेल रूमचे मास्तर वळसंगकर. स्वतः बावीस वर्षं स्टेशन मास्तर होते. उंच, वाळके, बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय. त्यांनी सिद्रामप्पाला क स्टेशनापाशी नेलं.

"इथं दोन जिने, तिकडं ड वर दोन. फलाटावरून खाली रस्त्यापर्यंत."

"डब्यात माणसं न्हाईत, फलाटावर माणसं न्हाईत," सिद्रामप्पा म्हणाला. "जिने कुणासाठी, साहेब?"

वळसंगकरांनी चष्मा काढला. "मी एका स्टेशनावर होतो. गाडी एक नंबरवर यायची, मी ऐनवेळी दोनवर घेतली. माझ्या दृष्टीनं एक खटका ओढला, बस. एक म्हातारी बोचकं घेऊन जिना उतरली, दुसरा चढली. वर पोचली तेव्हा गाडी सुटलेली. ती काही बोलली नाही मला. फलाटावर बसली नुसती." त्यांनी क च्या फलाटावर बोट टेकवलं. "पोरांना खटका ओढायला मी शिकवतो. पण त्या खटक्यानं खालचा माणूस किती पायऱ्या चढतो, हे त्यांना बोटानं मोजायला लावायचंय. म्हणून पायऱ्या खऱ्या हव्यात. अंदाजानं नको."

 सिद्रामप्पानं गुडघा चोळला आणि पट्टी मागितली.

हिशेब सोपा होता. टेबलावर पाव इंच म्हणजे खरा एक फूट. फलाट रस्त्यापासून पाच इंच उंच, म्हणजे वीस फूट. पायरी अर्ध्या फुटाची धरली तर चाळीस पायऱ्या, चाळिसावी म्हणजे फलाटच. एकेका पायरीची उंची एक सूत. इंचाचा आठवा भाग. सुतारकामात सिद्रामप्पानं आजवर सूत मोजलं होतं ते चूक किती झाली हे सांगायला. आता अख्खी पायरीच एक सुताची होती.

अडचण वेगळीच निघाली. पाऊल नीट टेकायचं तर पायरी दोन सूत रुंद हवी. चाळीस पायऱ्या म्हणजे दहा इंच लांबीचा जिना. आणि फलाटापासून खालच्या लाईनपर्यंत जागा होती सहा इंच.

"मग पायऱ्या चाळीसच ठेवा, फक्त अरुंद करा," वळसंगकर म्हणाले. "एक सूत रुंद."

"म्हंजे अर्ध्या फुटाची. पाऊल कुटं ठेवायचं माणसानं?"

"अहो, माणूस आहे कुठे त्याच्यावर?"

"तुमीच म्हटला की, म्हातारी हाय म्हणून."

वळसंगकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोघं बराच वेळ त्या सहा इंचांकडं बघत राहिले. शेवटी सिद्रामप्पानंच खडूनं टेबलावर रेघ ओढली. वीस पायऱ्या पुढं, मग टेकायला चार फुटांचा ओटा, तिथून वळून उरलेल्या पायऱ्या मागं. पाच इंच आणि एक इंच. जिना बरोबर सहा इंचांत बसत होता.

"जूनमध्ये नवी तुकडी येईल," वळसंगकर म्हणाले. "त्याआधी मोठे साहेबही बघायला येतायत. जमेल?"

"बघू की," सिद्रामप्पा म्हणाला.

जमेना. त्याच्या हाताला जाड फळीची सवय. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यानं एकत्र बांधून एकाच वेळी करवतीनं खाचे पाडले, ते चांगले झाले. पण त्या खाच्यांत बसवायच्या पायऱ्या? सागाची फळी सुताहूनही पातळ केली की रंध्याखालीच फाटायची. एखादी टिकली तर चिकटवायचा सरस लावताना मोडायची. एप्रिल लागला होता. पत्र्याखाली बसवत नव्हतं, त्यात सरसाचं भांडं तापवायला शेजारी स्टोव्ह पेटलेला. चष्म्याच्या काचांवर घाम टपकायचा. दिवसाअखेरी सात पायऱ्या झाल्या तर खूप. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन वाकलेल्या असायच्या.

तो घरी जाऊन कमलम्माला सांगायचा, "हलकं काम लई जड असतंय." ती हसायची नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं आणि तिचा अर्धा दिवस रांगेत जायचा.

शाळेत पाण्याचं काम मीनाबाईकडं होतं. चाळिशीची बाई, बुधवार पेठेतून यायची. तिचा नवरा जालिंदर रुळांच्या टोळीत होता, तो वारल्यावर तिला पाणीवाली म्हणून लावून घेतलं. त्या वर्षी शाळेची विहीर आटलेली. टँकर फाटकापाशी थांबायचा आणि तिथून डोक्यावर घागरी आणून ती पाच वर्गांतले आणि हॉलमधला माठ भरायची. दुपारी मॉडेल रूममधली धूळ पुसणंही तिच्याकडंच.

पहिल्याच आठवड्यात तिनं सिद्रामप्पाला पाणी विचारलं होतं. त्यानं बाकाखालचा आपला पितळी तांब्या दाखवला आणि "माझं हाय" म्हणाला. तांब्या तो घरून भरून आणायचा. ती बौद्ध, हा लिंगायत. टोळीत असतानाही तो आपलं पाणी वेगळं ठेवायचा, त्याच्या बापानंही ठेवलेलं. का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीनाबाईनंही विचारलं नाही. तिनं फक्त पुन्हा पाणी विचारलं नाही.

एका दुपारी ती केर काढताना मोडक्या पायऱ्यांच्या ढिगापाशी थांबली. एक पायरी उचलून तिनं बोटांत वाकवली. कट्कन मोडली.

"ही फाटणारच की," ती म्हणाली. "सागाला असलं कुटं सोसतंय."

"तू तुझं पाणी बघ," सिद्रामप्पा म्हणाला.

ती गेली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा बाकावर बांबूच्या तीन कामट्या ठेवलेल्या होत्या. वीतभर लांब, पातळ, सरळ. त्यानं एक उचलून पट्टीला लावली. मग दुसरी. तिन्हींची जाडी सारखीच होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं एक कामटी दोन्ही हातांनी वाकवली. ती वाकली, आणि सोडल्यावर सरळ झाली.

तीन कामट्यांतून अकरा पायऱ्या निघाल्या. खाच्यांत घट्ट बसल्या. सरसानंही काही झालं नाही.  दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. मीनाबाई आली, टेबल पुसलं, अ पासून ड पर्यंत सगळी स्टेशनं पुसली, आणि बादली उचलली.

"त्या कामट्या," सिद्रामप्पा म्हणाला.

ती थांबली.

"आनखी हायत का?"

"मागितल्या तर हायत की."

"मग मागतोय."

तिनं बादली खाली ठेवली. "शाळंच्या मागं वाळ्याच्या ताट्या पडल्यात. खिडक्यांना लावायच्या. औंदा शिंपायला पाणीच न्हाय, कोण लावतंय? वाळा झडलाय, पर बांबू चांगला वाळलाय. माझा बाप माढ्याकडं ताट्या विणायचा. एका कामटीच्या चार करायला मला त्यानंच शिकवलं."

"कशानं करतीस?"

"मोडका विळा हाय."

सिद्रामप्पानं पेटीतून पटाशी काढली. अर्ध्या इंचाची, मूठ तेल प्यालेली. टोळीत या पटाशीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिची धार त्यानं अंगठ्यावर बघितली आणि मूठ तिच्याकडं केली.

त्यानंतर ती दुपारचं पुसणं उरकून तासभर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. ती कामट्या फोडायची, तो कापून बसवायचा. बोलणं फार नसायचं. बोलायला दोघांच्यात त्राण उरलेलं नसायचं. मधेच ती मान डावीकडं झुकवून अंगठ्यानं दाबायची. तो पाय लांब करून बसायचा.

पहिला जिना मेच्या पहिल्या आठवड्यात उभा राहिला. सिद्रामप्पानं तो फलाटाला लावला, लांबून बघितला. छान दिसत होता. खालून उजेड येत होता पायऱ्यांमधून, खऱ्यासारखा.

मीनाबाई जवळ गेली. करंगळी जिन्याच्या पायथ्याशी ठेवून ती एकेक पायरी वर चढवत नेऊ लागली. शेवटी थांबली.

"मिस्त्री, ही वरची पायरी लई उंच हाय."

"कुटं?"

"हितं. फलाटावर पाय टाकायची. माझी सासू आसती तर हितंच अडकून बसली आसती."

त्यानं चष्मा पुसला, पट्टी लावली. शेवटची पायरी एक सुताऐवजी दोन सूत होती. प्रत्येक खाचा केसभर कमी पडला होता, आणि तेवढे सगळे केस मिळून एक सूत झालं होतं. तो बाकावर बसला. खाली एक पट्टी सारून जिनाच सूतभर वर उचलता आला असता. मग पहिली पायरी दुप्पट झाली असती. कुणाला दिसलं नसतं.

"राहू द्या की मग," मीनाबाई म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "पत्र्याची गाडी, लाकडाचा जिना."

"पुलावर असली एक पायरी मी सोडली होती," सिद्रामप्पा म्हणाला. "घाई होती. वरचे म्हणाले, चालतंय. लोक तिथं रोज ठेचकाळायचे. पडलं कुणी न्हाई. पर मी त्या स्टेशनात गेलो की खाली मान घालून बसायचो."

त्यानं जिना काढला, बाजूच्या पट्ट्या मोडल्या आणि नव्या पट्ट्या बांधायला घेतल्या. या वेळी खुणा करताना तो मागच्या खाच्यापासून मोजत गेला नाही. दर वेळी पायथ्यापासून मोजत गेला. आठ दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मेच्या मध्यावर एका सकाळी कमलम्मानं तांब्या भरून दिला नाही.

"तिथं माठ नाही का?" तिनं कानडीत विचारलं. घरात ते कानडीच बोलायचे.

"आहे."

"भरलेला असतो?"

"असतो."

"मग तुमच्या या तांब्यासाठी मी रांगेत कशाला उभी राहू? आज घरात दोन घागरी आहेत. त्या उद्या संध्याकाळपर्यंत पुरवायच्यात." ती चिडून बोलत नव्हती. दमून बोलत होती. "कोणाच्या हातचं पाणी, हे बघायला या वर्षी मला वेळ नाही."

तो तसाच गेला. सकाळ कशीबशी निघाली.  दोनच्या सुमाराला त्याच्या हातातली पायरी दोनदा खाली पडली. मीनाबाई समोर कामट्या फोडत होती. बाकाखाली तांब्या नाही हे तिनं सकाळीच पाहिलं असणार. ती मान वर करत नव्हती.

"मीनाबाई," तो म्हणाला. "पाणी हाय का?"

तिनं पटाशी खाली ठेवली. "माठ भरलेला हाय. रोजच असतोय."

तिनं पेला विसळला, भरला आणि त्याच्यापुढं धरला. तो प्याला. तिनं दुसरा भरला, तोही प्याला. पाणी गार होतं. फाटकापासून हॉलपर्यंतचं अंतर त्याला माहीत होतं. लंगडत चालताना त्याला ते रोज लांब वाटायचं. ते अंतर ही बाई दिवसातून वीस वेळा डोक्यावर घागर घेऊन चालते, हे त्या वेळी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

"आनखी?"

"बास."

तिनं पेला पालथा घातला आणि पुन्हा कामटी हातात घेतली. 

मोठे साहेब जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. बरोबर पाचसात माणसं. चारही जिने आदल्या दिवशी संध्याकाळी पुरे झाले होते, एका जिन्याचा कठडा अजून ओला होता. वळसंगकरांनी गाड्या चालवून दाखवल्या, सांधे बदलून दाखवले. मग म्हणाले, "साहेब, जरा बोट इथं ठेवता? आणि मोजत वर या."

साहेब हसले, पण त्यांनी बोट ठेवलं. विसापर्यंत मोठ्यानं मोजलं, ओट्यावर टेकले, पुन्हा मोजायला लागले. चाळीस म्हणताना त्यांचं बोट फलाटावर आलं आणि ते हसायचे थांबले. वाकून त्यांनी जिना बाजूनं बघितला.

"हे कुणी केलं?"

"आमचे सिद्रामप्पा," वळसंगकर म्हणाले. "पुलांच्या टोळीत होते."

साहेबांनी वळून हात पुढं केला. मीनाबाई दारात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. सिद्रामप्पानं तिच्याकडं पाहिलं. ती पेल्यांकडं बघत होती.

"सगळं एकट्यानं?" साहेबांनी विचारलं.

"होय साहेब," सिद्रामप्पा म्हणाला.

का म्हणाला, ते त्याला नंतर कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. इतके मोठे साहेब, इतक्या जवळून, एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी हात पुढं केलेला. शब्द तोंडातून निघाले आणि साहेब पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी मीनाबाई नेहमीसारखी आली. टेबल पुसलं. बाकाच्या टोकाला बसून उरलेल्या कामट्या एकत्र बांधल्या, पटाशी फडक्यानं पुसून त्याच्या पेटीत ठेवली. ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. 

"काल मी बोलायला पायजे होतं," शेवटी तोच म्हणाला.

"काय?"

"पायऱ्या तुझ्या हायत म्हणून."

तिनं खांदे उडवले. "बोलला आसता तर काय झालं आसतं? साब वा म्हटले आसते, आन् चा पिऊन गेले आसते."

"तरी."

"तरी काय? मला नाव नको, मिस्त्री. माझी मान गेलीया. रात्री कुशीवर वळता येत न्हाय. दवाखान्यात म्हटले, डोक्यावर वजन उचलू नका. मी म्हटलं, मग काय उचलू?" तिचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला आणि लगेच खाली आला. "तुमाला बोलायचंच आसलं तर ते बोला."

त्याला स्वतःचा गुडघा आठवला. त्याचा गुडघा गेला तर डॉक्टरांनी कागद लिहिला, कागदानं त्याला इथं आणून बसवलं. हिची मान गेली, तर तिचं हलकं काम कुठलं?

अर्ज वळसंगकरांनी लिहून दिला. सिद्रामप्पानं सांगितलं आणि ते लिहीत गेले. पायऱ्यांच्या सगळ्या कामट्या मीनाबाई जालिंदर यांनी केल्या, साहेबांपुढं मी खोटं बोललो, त्यांना माझ्या हाताखाली सुतारकामाच्या मदतनीस म्हणून घ्यावं. "खोटं बोललो" हे वाक्य गाळू या, असं वळसंगकर म्हणाले. सिद्रामप्पानं मान हलवली. वाक्य राहिलं.

टपालानं पाठवला असता तर कुठल्या तरी फायलीत पडून राहिला असता, म्हणून तो स्वतः घेऊन गेला. कचेरीत ती शाखा वरच्या मजल्यावर होती. जिना जुना, दगडी, पायऱ्या उंच. कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो चढला. उतरणारे लोक भिंतीला चिकटून त्याला वाट देत होते. वर पोचल्यावर तो बाकावर बसून राहिला, श्वास जागेवर येईपर्यंत.

कारकुनानं अर्ज वाचला. "बाईमाणूस सुताराच्या हाताखाली? असं पद नाही हो."

"नसलं तर काढा की."

"पद काढायला मी कोण?" कारकून वाईट नव्हता. त्यानं अर्जावर शिक्का मारला, नोंद केली, चहाही मागवला. "पुढं पाठवतो. पण आशा धरू नका."

सिद्रामप्पा जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा तो जिना चढला. दोन्ही वेळा अर्ज पुढं गेलेला होता. सप्टेंबरात उत्तर आलं, टंकलेखन केलेलं, चार ओळींचं. सदर पदावर स्त्रियांची नेमणूक करण्याची तरतूद नाही.

वळसंगकरांनी ते वाचून दाखवलं. मीनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. मग सिद्रामप्पाकडं वळून, "तीनतीनदा कशाला चढला तुमी? ह्या पायानं?"

 वळसंगकर चष्मा हातात घेऊन उभे राहिले आणि तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. एवढंच ठरलं होतं की पाणी दोन शिपायांनी सामानाच्या ढकलगाडीवरून आणायचं, आणि मीनाबाईनं वर्ग झाडून झाल्यावर दिवसभर मॉडेल रूम सांभाळायची. कागदावर ती पाणीवालीच राहणार होती. वळसंगकर बदलून गेले किंवा मुख्याध्यापक बदलले, तर पुन्हा घागर डोक्यावर येऊ शकत होती.

"पद कागदावर कशाला पायजे," मीनाबाई म्हणाली. "घागर तर गेली."

नवी तुकडी एव्हाना रुळली होती. वळसंगकरांचा धडा आता सगळ्यांना पाठ झाला होता, तरी ते तो प्रत्येकाकडून करून घ्यायचे. क स्टेशनावर एकवर येणारी गाडी ऐनवेळी दोनवर घ्यायला लावायचे आणि म्हणायचे, "आता उतर." तो शिकाऊ मास्तर बोटानं चाळीस पायऱ्या उतरायचा, रस्ता ओलांडायचा, चाळीस चढायचा. कुणी घाईनं दोनदोन पायऱ्या घेतल्या तर वळसंगकर त्याला पुन्हा खाली पाठवायचे. "तिच्या हातात बोचकं आहे," म्हणायचे. पोरं हसायची. काही हसायची नाहीत.

इतकी बोटं रोज चढउतार करत असल्यामुळं जिने लवकर झिजायला लागले. ओट्याचा कोपरा तुटला, कठडे हलू लागले. पुलांवर होतं तसंच. सिद्रामप्पा दुरुस्त करायचा, दुसऱ्या जागी पुन्हा तुटायचं. हवेत ओल आली की त्याचा गुडघा सुजायचा, मग तो बसूनच काय करता येईल ते करायचा, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जायचं असलं की मीनाबाई जायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा दोघं ड च्या जिन्याची नवी बाजूपट्टी करायला बसले होते.

"तुमचं किती राहिलं?" तिनं विचारलं.

"वर्ष आन् तीन महिने."

"मग तुमच्या जागी कोण येणार?"

"कुणी न्हाई. माझी जागा माझ्याबरोबर जाणार. हलकं काम एकेका माणसापुरतं असतंय."

ती काही वेळ कामटी फोडत राहिली. बाहेर शिपाई ढकलगाडी ओढत नेत होते, चाकाचा कुरकुर आवाज येत होता.

"कामट्या मला येत्यात," ती म्हणाली. "पट्ट्या येत न्हाईत. रंधा धरायला शिकवा."

सिद्रामप्पानं तिच्याकडं पाहिलं. त्याला उठायचं नव्हतं. सकाळपासून पाय ठणकत होता आणि बसल्या जागी डोळे मिटत होते. तो बाकाच्या कडेला धरून उठला, पेटीतून मोठा रंधा काढला, पातं ठोकून बसवलं, फळी शिकंज्यात आवळली.

"या हिकडं," तो म्हणाला. "तुमी पुढं उभं राहा. डावा हात वर."

मीनाबाईनं पदर खोचला. रंधा जड होता. पहिल्यांदा तो फळीवर अडकला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा जाड, तुटकी ढलपी निघाली आणि तिच्या पायाशी पडली. तिनं मागं वळून बघितलं. सिद्रामप्पा पुन्हा बाकावर बसला होता, पाय लांब करून.

"घाई नको," तो म्हणाला. "आज नुसता ढकला."